भिंतीवरची पेन्सिलची फुली

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे अजून बटणांचाच फोन आहे, म्हणून हे पत्र तुमच्या मुलाला वाचून दाखवायला सांगितलंय. तो वाचताना मधेच "पुरे झालं" म्हणून उठू नका. पूर्ण ऐका.

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एकाने विचारलं, "नवीन घराला सेंट्रल एसी किती पडतो रे? तू चौकशी केली होतीस ना?" त्याचं बांधकाम स्लॅबपर्यंत आलंय. आकडे सांगायला तोंड उघडलं आणि आकड्यांऐवजी तुमचीच, आमचा कूलर दुरुस्त करणाऱ्या भाऊंची, गोष्ट सांगत बसलो. चहा थंड झाला. मग लक्षात आलं की अख्ख्या जगाला ही गोष्ट सांगून झाली, तुम्हाला मात्र धड "आभारी आहे" एवढंही म्हटलेलं नाही.

थोडं मागून सांगतो, कारण तुम्हाला सगळं ठाऊक नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये आई दुपारी एकटी असताना स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. ते भाड्याचं घर तुम्ही पाहिलंय, वरचा मजला, डोक्यावर तापलेली गच्ची. ऊन लागलं होतं. दोन सलाइन लावल्यावर ती बोलायला लागली आणि पहिलं वाक्य काय, तर "कूलरची टाकी भरायची राहिली." त्या रात्री मी दवाखान्याच्या बाकड्यावर ठरवून टाकलं, नव्या घरात ऊन शिरूच द्यायचं नाही. अख्खं घर गार. माझा आतेभाऊ ह्यूस्टनला असतो, त्याच्या घरी एकच यंत्र सगळ्या खोल्यांना पुरतं, भिंतीवर एक छोटी डबी, तिच्यावर आकडा लावला की झालं. मलाही तसंच हवं होतं. पैसा किती लागेल हे ठाऊक नव्हतं, पण अपराधी वाटत असलं की माणूस किंमत विचारत नाही.

आणि हे विकणाऱ्यांना बरोबर वास लागतो.

पहिले आले ते लॅपटॉप घेऊन. घराच्या आत पाऊलही न टाकता त्यांनी नकाशावरून साडेचौदाशे चौरस फुटांना भागाकार केला आणि अकरा टन सांगितले. त्यात मोरी, संडास, देवघर, व्हरांडा, सगळं आलं. देवाला एसी! साडेआठ लाख, जीएसटी वेगळा, फॉल्स सीलिंग वेगळं, थ्री फेज मीटरचा खर्च वेगळा. मी जरा घुटमळलो तर त्यांनी मोबाइल पुढे केला. ३० मेला आपल्या नागपुरात रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश नोंदले गेल्याची बातमी होती. "सर, ही तर सुरुवात आहे." तो सेन्सरच बिघडला होता, हे नंतर हवामान खात्याने सांगितलं. ह्या गृहस्थांनी मात्र तो निरोप मला कधी कळवला नाही.

दुसऱ्यांनी सहा लाखांत बसवतो म्हटलं. कमी कसे झाले विचारलं तर उत्तर नाही, फक्त "तुमच्यासाठी". तिसऱ्याने जागा बघायला येण्याचे दोन हजार आधी घेतले. तो अजून यायचाय. आणि आमचे आर्किटेक्ट म्हणाले, सेंट्रल केलंत तर घराला एक लुक येईल. घर कोणासाठी बांधतोय हे त्यांना मी सांगितलं नव्हतं, खरंय. पण त्यांनी विचारलंही नव्हतं.

तुम्हाला तर मी ह्या कामासाठी बोलावलंच नव्हतं, हे आज कबूल करतो. तुम्ही आला होतात भाड्याच्या घरातल्या कूलरचा जळालेला पंप बदलायला. आईनेच विषय काढला, साडेआठ लाखांचा. तुमच्या हातातला पंप हातातच राहिला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, फक्त "उद्या घर दाखवता का?" म्हणालात. मी मनात म्हटलं, कूलरवाल्याला काय दाखवायचं? तरी हो म्हणालो, आणि सकाळी दहाची वेळ दिली. तुम्ही म्हणालात, "दहा वाजता काय दिसते? तीन वाजता या."

नवतपाचा, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या तापत्या नऊ दिवसांचा, शेवटचा दिवस होता तो, रविवार, २ जून. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तुम्ही स्कूटरवर, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. आत आलात, पाणी प्यालात आणि विचारलंत,

"रोज ह्या टायमाले घरात कोन राह्यते?"

मी म्हटलं, आई. आम्ही दोघं ऑफिसात, मुलगी शाळेत, सुटीत तिच्या मामाकडे.

"मंग बाकीचं घर राहू द्या सध्या. आईची खोली दाखवा."

भाऊ, दोन महिन्यांत तिघांशी बोललो होतो. टन, हॉर्सपॉवर, तांब्याचा पाइप, डक्ट, सगळे शब्द पाठ झाले होते. हा एक प्रश्न कोणीही विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

त्या खोलीत तेव्हा पंखाही नव्हता, नुसतं प्लास्टर. तुम्ही रंगाचा रिकामा डबा पालथा घातलात आणि बसलात. मला वाटलं, दम खाताहेत. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मधूनच उठून पश्चिमेच्या भिंतीला तळवा लावायचात, शिडीवर चढून स्लॅबला लावायचात, परत बसायचात. घाम नाकावरून टपकत होता. मी दोनदा बाहेर व्हरांड्यात जाऊन आलो, तुम्ही हलला नाहीत. पाऊण तासाने म्हणालात, "वरून आग येऊन राह्यली. आधी गच्चीचं पाहा, मशीन मंग."

मग आईला आत बोलावलंत. तुम्ही केलेल्या हिशेबापेक्षा, वाचवलेल्या पैशांपेक्षा माझ्या मनात रुतून बसलंय ते पुढचं.

"आई, पलंग कुठं टाकता?"

तिने दाखवलं. खिडकीकडे डोकं, दाराकडे पाय.

"आन् हवा कुठं लागली त तरास होते तुमाले?"

आई गप्प राहिली. माझ्याकडे पाहिलं तिने, जणू चोरी पकडली गेली. मग हळूच म्हणाली, "उजवा खांदा. गार हवा लागली की रात्रभर ठणकतो. चार वर्षं झाली."

चार वर्षं! मी तिच्याबरोबर एका छपराखाली राहतो, आणि मला हे एका कूलर दुरुस्त करणाऱ्या माणसासमोर कळलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही, ते बरं केलंत. कानामागची पेन्सिल काढलीत, पलंगाच्या जागेकडे एकदा पाहिलंत, आणि भिंतीवर पायांच्या बाजूला, उंचावर, एक फुली मारलीत. "मशीन इथं लागल. हवा पायाकडून जाते, खांद्याले नाही लागत." बस. दोन रेघा.

मग आईने तिचा प्रश्न विचारला, तो आठवतोय का? "एक टन म्हणजे हजार किलो ना हो? भिंत पेलेल का?" मी हसलो, तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तिला समजावलंत की टन यंत्राच्या वजनाचा नाही, बर्फाचा. पूर्वी बर्फाच्या लाद्यांवर गारवा करायचे, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढं ओढण्याची ताकद म्हणजे एक टन. आई आता हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. परवा मीटर रीडिंगवाल्यालाही सांगितलं.

हिशेब तुम्ही लग्नपत्रिकेच्या पाठीमागे मांडलात. ती पत्रिका माझ्या फायलीत आहे, घराच्या खरेदीखताशेजारी. सगळ्यात वर, पहिल्या ओळीत एसी नव्हताच. गच्चीवर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची चायना मोझॅक, ९४ हजार. मला ते महाग वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, हे एकदाच द्यायचं, विजेचं बिल दर महिन्याला येतं. त्याखाली पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आणि चिकाचा पडदा. मग चार खोल्यांचे तांब्याचे पाइप आणि पाणी जायची नळी, प्लास्टर ओलं आहे तोवर भिंतीतच. "पाइप आता चारहीचे घाला, मशीन एकेक घ्या, पैसे येतील तशा." आईला पाच स्टारचा एक टन, आमच्या खोलीला दीड टन, हॉलला मोठा कूलर. वायरिंग धरून सगळं मिळून दोन लाख एकोणसाठ हजार. उरलेल्या दोन पाइपांची तोंडं अजून बंद आहेत. गरजच पडली नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, सेंट्रल एसी म्हणजे लबाडी. तसं तुम्हीही म्हणाला नव्हतात. आतेभावाच्या घराच्या भिंती लाकडी, आत उष्णतारोधक भरलेलं, त्याच नळ्यांतून हिवाळ्यात ऊबही येते, आणि ह्यूस्टनची हवा इतकी दमट की तिथे कूलर चालवला तर भिंतींना बुरशी येईल. तिथे ते शहाणपणाचंच आहे. ज्या घरात दहा माणसं दिवसभर सगळ्या खोल्यांत असतात, त्यांनाही परवडतं. आमच्याकडे दुपारी एक बाई, एक खोली, आणि बाहेर कोरडं ऊन. तुम्ही म्हणालात तेच खरं: एप्रिल-मेमध्ये हॉलला कूलरसारखी हवा एसीचीही नाही, वाळ्याचा वास फुकट. पाऊस पडला की कूलर नुसती चिकचिक करतो, तेव्हा एसी. आणि गरजेपेक्षा मोठं यंत्र खोली पटकन गार करून लगेच थांबतं, हवेतला दमटपणा तसाच राहतो, हे मला लॅपटॉपवाल्यांनी सांगायला हवं होतं. त्यांना माहीत नसेल असं नाही.

पहिला उन्हाळा झाला. मे महिना अवकाळीने भिजवला, त्याचं श्रेय तुम्हाला देत नाही, म्हणून एप्रिल २०२५ चं विजेचं बिल सांगतो. ४१२ युनिट. महावितरणचा पाचशे युनिटच्या वरचा महागडा टप्पा काय असतो ते आमच्या शेजाऱ्यांना विचारा. त्यांनी सेंट्रल बसवलं, आणि बिल पाहिल्यापासून सगळे जण हॉलमध्येच झोपतात. आईच्या खोलीत २६ वर एसी, पंखा एकवर. आमच्या खोलीचं मशीन पैसे जुळेनात म्हणून लांबलं, ते थेट दिवाळीत घेतलं. तोवर २२ सप्टेंबरपासून जीएसटी अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला होता. हे काही तुम्हाला आधी ठाऊक नव्हतं, पण बायको आजही म्हणते, "भाऊंनी थांबायला सांगितलं म्हणून."

त्या रविवारी निघताना मी पाचशेची नोट काढली. तुम्ही म्हणालात, "काम काय केलं मी? बसलो त होतो." पंपाचे तेवढे साडेतीनशे घेतलेत, तेही आदल्या दिवशीचे.

मला तुमच्या त्या बसण्याबद्दल बोलायचं होतं, पण नीट शब्द सापडत नाहीत. आजकाल कोणीच बसत नाही हो. डॉक्टर नाही, बँकेतला माणूस नाही, आम्ही पोरंही नाही. सगळे उभ्याउभ्या बघतात आणि आकडा सांगतात. तुम्ही आधी स्वतः तापलात आणि मग बोललात. तुमच्याकडे पदवी नाही, पाटी नाही, दुकान म्हणजे सक्करदऱ्याकडच्या गल्लीत एक शटर. पण आमच्या घराचा सगळ्यात नेमका नकाशा त्या दोन रेघांचा होता.

त्या फुलीचं पुढे काय झालं तेही सांगतो. रंगारी आला तेव्हा त्याने पुट्टी मारायला घेतली. आई भिंतीसमोर उभी राहिली. "एवढं सोडून मारा." तो म्हणाला, आजी, डाग दिसेल. ती म्हणाली, दिसू दे. मग कंपनीची पोरं मशीन लावायला आली. पाइपाचं तोंड तुम्ही सांगितलं तिथेच काढलेलं होतं, तरी त्यांना पलंगाच्या वर सोपं वाटत होतं, बाहेरचं युनिट त्या बाजूला म्हणून. मी ऑफिसात होतो. आईने त्यांना फुली दाखवली आणि म्हणाली, "आमच्या इंजिनिअरनी इथंच सांगितलंय." पोरांनी मुकाट्याने तिथे लावलं.

खांदा दुखतो अजून, वयच आहे. पण एसीने दुखत नाही.

आता फुली मशीनच्या मागे आहे, दिसत नाही. फिल्टर धुवायला दर पंधरवड्याला झाकण उघडतो, तेव्हा आई खालून विचारते, "आहे का रे?" मी हो म्हणतो. तिथून ती दिसतच नाही, हे तिला सांगितलेलं नाही.

हॉलच्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या यंदा बदलायला झाल्यात, आणि दुसऱ्या कोणाला बोलवायला ती तयार नाही. तेवढे या. कैऱ्या आल्यात, पन्हं करून ठेवते म्हणाली. फक्त दुपारी तीनला येऊ नका, सकाळीच या.

तुमचा,
कूलरवाल्याला काय दाखवायचं, असं म्हणणारा