बाबांच्या मानेवरचं ऊन

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं की बाबा ‘हो हो’ म्हणतात आणि विषय बदलतात, म्हणून लिहितेय. बाबांच्या मानेवर आणि हातांवर जे उठलंय त्याचे फोटो पाहिले. अंगात उष्णता वाढल्यानं ते झालंय, हे तुमचं म्हणणं काही मला पटत नाही. सब्जा, गुलकंद खुशाल घ्या, पण जन्मभर उन्हात राबलेल्या माणसाला ऊन आत्ताच का बाधावं?

दिवाळीनंतर बीपीची गोळी बदलली ना? तिच्या नावापुढचा ‘एच’ म्हणजे तिच्यातलं हायड्रोक्लोरोथायझाइड हे औषध. त्याने काही जणांची कातडी उन्हाला हळवी होते. पण बाबा, गोळी मनानं बंद करू नका. बदलायची तर डॉक्टर बदलतील.

दुसरा संशय बांधावरच्या गाजर गवतावर. आई, तू जरा नीट बघ. हनुवटीखाली, कानामागे, घड्याळाच्या पट्ट्याखाली कातडी स्वच्छ आहे का? झाकलेली जागा सुटली असेल तर उन्हाचा संशय जास्त. पण पापण्या, कोपराची आतली घडी, हनुवटीखालचा भाग इथेही खाज असेल तर ते बहुधा गवत. त्याचे बारीक कण हवेतून येतात, सावलीतही गाठतात. ही ॲलर्जी मुरली की पुढे काहींना नुसतं ऊनही सोसत नाही, त्यामुळे दोन्ही एकत्र असू शकतं. ते गवत बाबांनी उपटायचं नाही, वाळलेलंसुद्धा. गडी लावा, त्याला हातमोजे द्या, आणि फुलावर यायच्या आत काढून घ्या. रानातून आल्यावर बाबांनी आधी अंघोळ करायची, कपडे वेगळे टाकायचे.

आई, लिंबू चोळणं आजपासून बंद! लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. मेडिकलवाल्यानं दिलेली ती ट्यूबही नको. असल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पण रोज लावून कातडी पातळ होते.

बाबा, तुमच्या टोपीनं डोकं झाकतं, कान आणि मान उघडीच राहते. टोपीखालून उपरणं मानेवर सोडा (काठाची हॅट तुम्ही घालणार नाही, ठाऊक आहे). पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा शर्ट घाला. पाणी सोडायचं काम दहाच्या आत नाहीतर चारनंतर. एसटीत खिडकीशी बसू नका, काचेतूनही उन्हातली यूव्हीए (अतिनील) किरणं येतात. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन पाठवतेय, एसपीएफ ५० चं. चेहऱ्याला आणि मानेला मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढावी इतकं लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा. ते बायकांचं नाही, त्यामुळे लाजू नका.

शनिवारी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. येताना सगळ्या गोळ्या पाकिटांसकट आणा, गुडघ्याला चोळता ते जेलही. त्यात कीटोप्रोफेन हे दुखण्यावरचं औषध असेल तर तेही उन्हात त्रास देतं.

तुमची,
ताई

ता. क. आई, शनिवारी सकाळी मानेला काही लावू नकोस, हळदसुद्धा नाही. डॉक्टरांना मूळ रंग दिसायला हवा.