मनू, नवीन रेकॉर्ड नको, सुई पाठव

मनू बेटा,

अनेक आशीर्वाद. काल फोनवर आई सांगून राहिली होती ना की बाबांनी घराचं भंगाराचं दुकान केलं, ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं इथे टाईप करून पाठवतो कारण फोनवर ती मला बोलूच देत नाही.

तर झालं असं की इतवारीतला तो भंगारवाला, ज्याच्याकडून तुझ्या सायकलची सीट आणली होती, त्याच्याकडे महालातल्या एका जुन्या वाड्याचं सामान आलं. वाडा पाडून तिथे फ्लॅट स्कीम होऊन राहिली. पितळेची भांडी, घंगाळ वगैरे लोकांनी आधीच उचललं होतं, रेकॉर्डच्या पेटीला कोणी हात लावला नव्हता. मी तिथेच स्टुलावर बसून एकेक रेकॉर्ड काढून मोबाईलच्या टॉर्चखाली तिरपी धरून पाहिली, तिरपी धरली की ओरखडे बरोबर दिसतात, सरळ पाहिलं तर सगळ्याच चकचकीत वाटतात. त्या भंगारवाल्याचं रेटचं गणित सोपं आहे, कव्हरवर हिरो-हिरोईन असले की हजाराच्या वर, तंबोरा असला की शंभर-दीडशे. आरडी बर्मनचं काही निघालं की तो आधी मोबाईलवर रेट पाहते आणि मग तोंड उघडते. मला काय, मला तंबोराच पाहिजे होता.

सगळ्यात आधी हाती लागली वसंतराव देशपांड्यांची नाट्यगीतांची एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड. सिव्हिल लाइन्समधलं देशपांडे सभागृह तुला माहीत आहे, तिथे तू डान्स केला होता, पण ते देशपांडे म्हणजे हेच हे तुला माहीत नसेल. जन्म मूर्तिजापूरचा, १९२० चा, आणि लहानपणी गाणं शिकले ते इथे नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे. पुढे पुण्याला जाऊन मिलिटरी अकाउंट्समध्ये कितीतरी वर्षं नोकरी केली, म्हणजे दिवसभर हिशेब आणि संध्याकाळी गाणं. नाट्यगीत बाकीचे लोक पाठ केल्यासारखं गातात, वसंतरावांची तान निघाली की कुठे जाऊन उतरेल ते सांगताच येत नाही, आपण सोफ्यावर बसल्या बसल्या सावरून बसतो. १९८३ मध्ये गेले. मी त्यांना समोर बसून कधी ऐकलं नाही म्हणून ही रेकॉर्ड मला जरा जास्तच जवळची.

आता गंमत ऐक. कव्हरच्या मागे निळ्या बॉलपेनने, अगदी सरकारी अक्षरात लिहिलं आहे, "बाजू २, पद ३ रे, अडकते. हलके बोट लावणे." मी ते वाचून मुद्दाम तेच पद आधी लावलं, आणि अडकलं ना बाप्पा, तानेच्या ऐन मधात, तेच तेच तेच. काढून उन्हात पाहिलं तर खाचेत चिकट ठिपका होता, पाक म्हण का तूप म्हण. मग गाडीच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर आणलं, त्यात लिक्विड सोपचा थेंब, आणि मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल गोल, आडवं कधीच घासायचं नसते, मधल्या लेबलला पाणी लागू द्यायचं नसते. दोन वेळा नुसत्या पाण्याने पुसून वाळवलं आणि लावलं तर सरळ निघून गेलं. तो माणूस किती वर्षं दर वेळी उठून बोट लावत असेल, आणि होता तो फक्त एक ठिपका. पेनने लिहिलेलं मात्र मी खोडलं नाही.

दुसरं म्हणजे गीतरामायण. एचएमव्हीने १९६५ साली दहा एलपींचा सेट काढला होता, सगळं सुधीर फडक्यांच्या आवाजात. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर जे लागलं होतं त्यात वेगवेगळे गायक होते, रेकॉर्डवर एकटे बाबूजी. मला पेटीत सहाच एलपी भेटल्या आणि नेमक्या शेवटच्या गायब. आई म्हणते हे कसलं रामायण, राम निघाले ते घरी आलेच नाहीत. पण संध्याकाळी लावलं की भाजी निवडायची परात घेऊन तीच आधी येऊन बसते, आणि बाजू संपली की मला म्हणते उठा, पलटवा. वीस-बावीस मिनिटांनी उठावंच लागते ना, ते मला आवडते. तुझ्या अ‍ॅपवर गाणी एकामागे एक चालूच राहतात आणि घरात कोणीच ऐकत नसते.

एक सांगतो, वायनिलचा, म्हणजे या प्लास्टिकच्या एलपींचा, आवाज भारी असतो, त्यात म्हणे उब असते, असलं काही मी म्हणत नाही. सीडी जास्त स्वच्छ वाजते हे मलाही कळते. म्हणूनच तू बंगलोरच्या त्या दुकानातून चार-साडेचार हजाराची नवीन रीइश्यू, म्हणजे जुनीच रेकॉर्ड नव्याने छापलेली, घेऊन देते म्हणाली ती नको. त्यातल्या कितीतरी डिजिटल फाईलवरूनच कापलेल्या असतात, मग त्यापेक्षा ती फाईलच ऐकलेली काय वाईट.

मला पाहिजे आहे सुई. कारण तिसरी जी आली ती ७८ ची आहे, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी, ओडियन कंपनीची, अब्दुल करीम खाँसाहेबांची. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, म्हणजे गाणं त्याच्या आधीचंच. एका बाजूला तीन मिनिटं आणि वर थोडं, बस. मैफलीत तासभर चालणारा माणूस तीन मिनिटात बसवायचा म्हणजे काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आधीच पक्कं पाहिजे, एक सूर फालतू नाही. हे मी यूट्यूबवर ऐकून सांगून राहिलो बरं का, माझी रेकॉर्ड अजून वाजवलीच नाही.

काहून, तर तू दिलेला प्लेअर ७८ च्या स्पीडवर फिरते पण त्याला जी सुई आहे ती एलपीची. एलपीच्या सुईचं टोक एक हजारांश इंचाहूनही बारीक, ७८ ला साधारण तीन हजारांश इंचाचं लागते. बारीक सुई त्या रुंद खाचेच्या बुडाशी जाऊन नुसता कचरा वाजवते. आणि या जुन्या तबकड्या वायनिलच्या नाहीतच, लाखेच्या आहेत, आपल्या पळसावर-कुसुमावर धरते तीच लाख, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी. खरखर येते ती त्या भुकटीची. हातातून पडली की काचेसारखी फुटते. आणि स्पिरिट अजिबात लावायचं नाही. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करते, म्हणजे रेकॉर्डचंही तेच होईल, आईने सॅनिटायझर घेऊन पुसायला घेतली होती, मी वेळेवर हातातून काढली. बाहेर देशात एलपी आल्यावर ७८ मागे पडल्या, आपल्याकडे मात्र १९६० नंतरही निघत होत्या, बीटल्सच्या सुद्धा, कारण गावोगावी चावीचे ग्रामोफोन होते आणि लाईट नव्हती.

तर नीट लिहून घे, ऑडिओ-टेक्निका, एटी-व्हीएमएन९५एसपी. शेवटचं एसपी महत्त्वाचं. ई लिहिलेली आणली तर ती माझ्याकडे आहेच. पूर्ण कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते ती अख्खी डबी, नको, नुसती सुई, डबी माझ्याकडे तीच आहे, जुनी ओढून काढायची आणि ही बसवायची. सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन मी इथे वाढवून घेईन, ७८ ला जास्त लागते. पैसे मी तुला पाठवतो, नाही म्हणू नको.

आणि रेकॉर्ड काही आणलीच तर मे महिन्यात आणू नको. आपलं ४५-४६ चं ऊन, गाडीच्या डिक्कीत तासभर राहिली तर पापड होऊन निघते. घरातही कूलरसमोर ठेवता येत नाही, ओलाव्याने कव्हरवर बुरशी धरते, म्हणून सगळ्या तुझ्या खोलीत उभ्या लावून ठेवल्या, एसी तिथेच आहे. आई विचारून राहिली की रॅक बसवायला तुझा पलंग खिडकीकडे सरकवला तर चालेल का. म्हणजे तिला स्वतःला चालत नाही आहे, तुझ्या नावावर ढकलून राहिली. तू फक्त हो म्हण.

बाबा