वायफाय कार्डाचे नाव खोक्यावर का नसते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यापासून, ज्यांच्या जुन्या लॅपटॉपवर पुढची आवृत्ती बसत नाही अशांना विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक-प्रणाली वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. सल्ला योग्य आहे. मात्र त्यानंतरची पहिली कुरबूर पुष्कळदा वायफायची असते, हे कोणी आधी सांगत नाही. जोडणी दर थोड्या वेळाने तुटते, आणि वैतागलेला माणूस सगळे पुसून लिनक्स पुन्हा बसवतो. मीही दोनदा बसवले.

माझ्या लॅपटॉपला शेजारच्या खोलीतला राउटरसुद्धा धड सापडत नसे. कर्नेलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी तपासल्या तेव्हा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) आणि फर्मवेअर (खुद्द कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) दोन्ही जागच्या जागी होते. घोटाळा निघाला तो यंत्रातच. वायफाय कार्डावर अँटेनासाठी दोन जागा असताना लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने एकच अँटेना लावली होती, आणि ती कोणत्या जागी आहे याची चिपमधील नोंद चुकीची होती. परिणामी ड्रायव्हर बिचारा रिकाम्या जागेवर कान लावून बसत असे. ड्रायव्हरच्या अँटेना-निवडीच्या पर्यायात २ हा आकडा भरताच सिग्नल पूर्ण आला. हा पर्याय २०१६ मध्ये जोडणारे अमेरिकेतील लॅरी फिंगर हे मूळचे शास्त्रज्ञ. स्वयंसेवक म्हणून त्यांनी अनेक वायफाय ड्रायव्हर वर्षानुवर्षे सांभाळले. जून २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. उत्पादकाची चूक अशा रीतीने दूरच्या एका स्वयंसेवकाने निस्तरली, याचे मला कौतुक वाटते आणि थोडी लाजही.

सगळ्यांचे दुखणे इतके विचित्र नसते. पुष्कळदा वीज वाचवण्यासाठी कार्डाला मधूनमधून झोपवले जाते आणि ते वेळेवर जागे होत नाही. उबुंटू या लिनक्सच्या प्रचलित प्रकारात नेटवर्क मॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या वायफाय पॉवरसेव्ह या नोंदीत ३ हा आकडा असतो. तिथे २ लिहून यंत्र पुन्हा सुरू केले, की ही बचत बंद होते. कर्नेल अद्ययावत झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी वायफाय गेले असेल, तर बाहेरून आणून बसवलेला ड्रायव्हर नव्या कर्नेलशी जुळलेला नाही असा संशय आधी घ्यावा, आणि यंत्र सुरू होतानाच्या यादीतून जुना कर्नेल निवडून तो संशय पडताळून पाहावा. फर्मवेअर नसल्याची तक्रार मात्र आता कमी झाली आहे, कारण जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) पासून ते प्रतिष्ठापनेच्या फाइलमध्येच मिळते.

माझी मागणी साधी आहे. खोक्यावर प्रोसेसर, मेमरी, पडद्याचे इंच असे सगळे छापलेले असते. वायफायपुढे फार तर त्याची पिढी लिहितात, चिप कोणती ते लिहीत नाहीत. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत वेगवेगळी कार्डे निघू शकतात, त्यामुळे दुसऱ्याचा अनुभव विचारूनही खात्री पटत नाही. ते नाव उत्पादकांनी छापावे, आणि संकेतस्थळावर विकणाऱ्यांनीही द्यावे. तोवर ग्राहकाने लिनक्सचा पेनड्राइव्ह खिशात घेऊन दुकानात जावे, काहीही न बसवता त्यावरून लॅपटॉप सुरू करावा आणि दुकानाच्या वायफायवर अर्धा तास तरी एखादा व्हिडिओ चालवून पाहावा. माझ्या दुकानदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या, पण चालवू दिला.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा