गावचा माळ आणि देची-दोंगचा पत्ता

पुणे, १० नोव्हेंबर

चि. दादू यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर विचारलंस, "आप्पा, गावचा माळ विकायचा का?" आणि मी "बघू" म्हणून फोन आईकडे दिला. तुला वाटलं असेल, म्हातारा रागावला. रागावलो नव्हतो रे. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

तुझं म्हणणं मला नीट कळलं आहे. कोरियातलं सुवॉनचं घर सोडायचं, छकू चौथीत जायच्या आत सोलच्या गंगनम भागातल्या देची-दोंगात जोन्सेवर घर घ्यायचं, म्हणजे पुढे तिला चांगली शाळा आणि चांगले हागवॉन, म्हणजे खासगी क्लास, मिळतील. जोन्से म्हणजे काय ते आईला मी समजावलं. आपल्याकडे हेवी डिपॉझिट म्हणतात तसं: महिन्याचं भाडं नाही, पण घराच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास रक्कम एकदम मालकाकडे ठेवायची आणि मुदत संपली की ती परत घ्यायची. आई म्हणाली, "एवढे पैसे ठेवून घर आपलं होत नाही?" मी म्हटलं, नाही होत.

मार्चमध्ये तुझ्याकडे होतो तेव्हा तुम्ही दोघं कामावर गेलात की मी मेट्रो पकडून गंगनमला जायचो. तुला वाटायचं बागेत बसतो. बागेतही बसलो, पण जास्त वेळ रस्ते बघत हिंडलो. तेहतीस वर्षं भूमी अभिलेखात काढली. आधी साखळी, मग प्लेन टेबल, शेवटी यंत्र. जमीन पाहिली की तिच्यावरचे जुने बांध कुठे असतील हेच आधी मनात येतं. आणि गंगनमचे रस्ते फूटपट्टीनं ओढल्यासारखे सरळ. एवढ्या मोठ्या शहरात इतकी सरळ रेघ आपोआप येत नाही. कुणीतरी एकदम, एका कागदावर ओढलेली असते. परत आल्यावर मिळेल ते वाचलं. जे कळलं ते तुला सांगायचं आहे, कारण तू त्या पत्त्यासाठी गावची जमीन द्यायला निघाला आहेस आणि तो पत्ता मुळात जमिनीचीच गोष्ट आहे.

१९६३ पर्यंत तो भाग सोलमध्ये नव्हताच. क्योंगी प्रांतातली खेडी होती ती. भातखाचरं, कोबी-मुळ्याचे मळे, नासपतीच्या बागा. जामवॉन आणि जामशिल या नावांतला 'जाम' म्हणजे रेशमाचा किडा. जुन्या राजवटीत तिथे रेशमाचे किडे पाळत. पलीकडे जायला होडी. स्वतःचं असं नावसुद्धा नव्हतं. योंगदुंगपोच्या पूर्वेला म्हणून योंगदोंग म्हणायचे. गंगनम, म्हणजे नदीच्या दक्षिणेचं, हे नाव मागून रुळलं आणि गंगनम-गु हा वेगळा विभाग तर १९७५ साली झाला. म्हणजे तो विभाग माझ्याहून लहान आहे, दादू.

मग तिथे शहर का गेलं? एक तर माणसं. १९६० साली सोलची वस्ती पंचवीस लाखांच्या आत होती, दहा वर्षांत ती पंचावन्न लाखांवर गेली, आणि जवळजवळ सगळी नदीच्या उत्तरेला. दुसरं म्हणजे भीती. जून १९५० मध्ये युद्ध सुरू झालं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी हान नदीवरचा पूल त्यांच्याच सैन्यानं उडवला. लाखो लोक उत्तरेच्या काठावर अडकले. ती आठवण ताजी असतानाच जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाचे ३१ सैनिक थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासाजवळ येऊन पोचले. सगळं शहर सीमेच्या बाजूला दाटलेलं आणि मध्ये नदी. दक्षिणेला सरकायलाच हवं होतं. हान्नामचा पूल, तेव्हाचा तिसरा पूल, १९६६ ला सुरू होऊन १९६९ च्या अखेरीस झाला. आणि ७ जुलै १९७० ला सोल ते बुसान हा ४२८ किलोमीटरचा महामार्ग खुला झाला. तो याच पुलावरून उतरून त्या मळ्यांमधून जातो.

आता माझ्या कामाचा भाग. महामार्गाला जमीन हवी आणि सरकारकडे विकत घ्यायला पैसा नाही. मग त्यांनी जे केलं ते वाचताना मी खुर्चीत सावरून बसलो, कारण आपल्या टीपी स्कीमचं, म्हणजे नगररचना योजनेचं, गणित तेच आहे. सगळ्या मालकांची जमीन एकत्र धरायची, नकाशावरून बांध पुसायचे, रस्ते, शाळा, मैदानं आखायची, आणि उरलेल्यातून प्रत्येकाला चौकोनी भूखंड परत द्यायचा. योंगदोंगात मूळ मालकाची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जमीन या कामी गेली. त्यातला काही भाग पालिका स्वतःकडे ठेवायची आणि विकून गटारं-रस्त्यांचा खर्च काढायची. त्या राखीव जमिनीला ते चेबीजी म्हणतात. तुला जमीन कमी मिळते, पण मिळते ती रस्त्याला लागून, म्हणून तिचा भाव वाढतो. कागदावर कुणाचंच नुकसान नाही. मी स्वतः हे वाक्य शेतकऱ्यांना किती वेळा सांगितलं असेल.

पण भूखंड हातात येईपर्यंत जो थांबू शकतो त्याचाच फायदा होतो. ज्याला लेकीचं लग्न काढायचंय, ज्याचं कर्ज थकलंय, तो आधीच विकून मोकळा होतो. यांगजेजवळच्या मालजुक्गोरीत पूल व्हायच्या आतच भाव दहापट झाले होते. वाढीव भाव कुणाच्या खिशात गेला? सोलच्या पालिकेत नगररचनेचं काम केलेले सोन जोंग-मोक यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की सत्ताधाऱ्यांच्या राजकीय निधीसाठी पालिकेच्या अधिकाऱ्यामार्फतच तिथे गुपचूप जमिनी घेतल्या आणि भाव चढल्यावर विकल्या गेल्या. नकाशा ज्याच्या टेबलावर, त्याला उद्याचा भाव आज माहीत. मला हे वाचून रात्री झोप आली नाही. मी मोजलेल्या एका स्कीममधला शेतकरी नंतर त्याच जागेवरच्या सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन होता. मला बघून तो उठून उभा राहायचा. मी त्याला बस म्हणायचो, पण तो बसायचा नाही.

रस्ते आखून झाले तरी माणसं येईनात. चिखल इतका की तिथले लोक म्हणायचे, बायकोशिवाय निभेल पण गमबुटाशिवाय निभणार नाही. हे मला छकूनं सांगितलं, आठवतं का? देचीतल्या उन्मा अपार्टमेंटच्या फाटकाशी बाकावर एक आजी बसल्या होत्या. छकू त्यांच्याशी तासभर बोलली आणि मला मराठीत सांगत राहिली. 'गमबूट' शब्द तिला आला नाही तेव्हा तिनं पावसात चालायचा अभिनय केला. आजी इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या.

तर लोक येत नाहीत म्हणून सरकारनं दोन्ही बाजूंनी दाबलं. १९७२ पासून नदीच्या उत्तरेला जुन्या शहरात नवी मोठी दुकानं, मद्यालयं, महाविद्यालयं यांवर बंधनं आणली, आणि योंगदोंगात घर घेणाऱ्याला कर माफ केले. १९७६ मध्ये लांब पल्ल्याच्या बसचा अड्डा बान्पोला नेला. मेट्रोची दोन नंबरची लाइन नदीच्या दोन्ही काठांना धरून वर्तुळात फिरवली. १९८४ मध्ये ते वर्तुळ पूर्ण झालं. पुढे सर्वोच्च न्यायालयही १९९५ मध्ये सोचोला आलं.

आणि शाळा. दादू, इथे जरा सावकाश वाच.

१९७४ मध्ये सोलमध्ये हायस्कूलांच्या आपापल्या प्रवेश परीक्षा बंद झाल्या. मुलांवरचा ताण कमी व्हावा हाच हेतू, आणि हेतू चांगलाच होता. परीक्षेऐवजी, ज्या विभागात राहता तिथल्या शाळांत चिठ्ठी टाकून प्रवेश. नेमकं त्याच काळात सरकारनं जुन्या नामांकित शाळा उचलून नदीपलीकडे नेल्या. क्योंगी हायस्कूल, सगळ्यांत मानाची शाळा, १९७६ मध्ये सामसोंग-दोंगला गेली. तिच्या जुन्या इमारतीत आता चोंगदोक वाचनालय आहे. ह्विमून १९७८ मध्ये देची-दोंगला, सुकम्योंग मुलींची शाळा आणि सोल हायस्कूल १९८० मध्ये. आठवा शैक्षणिक विभाग म्हणतात तो असा तयार झाला. शाळेची परीक्षा गेली आणि घराचा पत्ता हीच परीक्षा झाली. उन्मा १९७९ ची: २८ इमारती, ४,४२४ घरं, तीही सखल पाणथळ जमिनीवर. त्या घरांच्या भिंतींचे पोपडे तू पाहिलेस. पाडून नव्यानं बांधायची वाट तिथले लोक वर्षानुवर्षं बघताहेत, आणि तरी त्यांची किंमत आपल्या सगळ्या खानदानाच्या जमिनीहून जास्त आहे. ती किंमत भिंतींची नाही. दहा-बारा वर्षांत घेतलेल्या चार-पाच सरकारी निर्णयांची आहे.

म्हणून मला भीती वाटते ती पैशांची नाही. तू फोनवर म्हणालास, "तिथली मुलंच वेगळी असतात." तिथली मुलं वेगळी नसतात रे. त्यांच्या आजोबांच्या आधी तिथे कोबी होता.

एके दिवशी मी रात्री दहापर्यंत मुद्दाम थांबलो होतो. तुला खोटं सांगितलं होतं की ट्रेन चुकली. सोलमध्ये हागवॉन रात्री दहाला बंद करायचा नियम आहे. दहाच्या ठोक्याला देचीच्या त्या चौकात सगळ्या जिन्यांवरून मुलं उतरली. छकूएवढीही होती, हातात चाकाची दप्तरं. रस्त्याच्या कडेला आईबापांच्या गाड्यांची रांग, दिवे लुकलुकत. कुणी ओरडत नव्हतं, कुणी पळत नव्हतं. एवढी मुलं एकत्र आणि एवढी शांत मी आयुष्यात पाहिली नव्हती. येत्या गुरुवारी त्यांची सुनुंग, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा आहे ना? इंग्रजी ऐकण्याच्या पेपरच्या वेळी विमानंसुद्धा उडू देत नाहीत तो दिवस.

मी तुला नावं ठेवायला बसलेलो नाही. मला तो हक्कच नाही. १९९७ मध्ये गावची शाळा सोडून तुला सदाशिव पेठेतल्या एका खोलीत आणून ठेवणारा मीच. चांगली शाळा, चांगले क्लास. तुझी आई गावी, मी फिरतीवर, तू आत्याच्या नजरेखाली. पहिले सहा महिने तू जवळजवळ बोललाच नाहीस. आत्या म्हणायची, पोरगं गप्प आहे. मी म्हणायचो, अभ्यासात आहे. त्या चौकात उभा असताना मला तो गप्प मुलगा आठवला. तुझं भलं झालं, इंजिनिअर झालास, परदेशात गेलास, सगळं खरं. पण तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं, आणि तू गप्प आहेस हे मला दिसत होतं. हे तुला कधी सांगितलं नाही.

आणखी एक. देचीपासून थोड्याच अंतरावर डोंगराच्या पायथ्याशी गुर्योंग नावाची झोपडवस्ती आहे. ऐंशीच्या दशकात, ऑलिंपिकच्या आसपास शहरात पाडापाडी झाली तेव्हा हुसकलेले लोक तिथे येऊन राहिले. जुने पत्रे, ब्लँकेटं, प्लास्टिक. २०२३ च्या जानेवारीत आग लागून तिथली साठेक घरं जळाली. तिथून मान वर केली की श्रीमंतांच्या उंच इमारतींचा टॉवर पॅलेस दिसतो. छकूला तिथेही ने एकदा. ती ज्या पत्त्यावर जाणार त्याच्या शेजारी कोण राहतं हे तिला कळू दे.

आता माळाचं. साडेतीन एकर, गट आपला, सातबाऱ्यावर बोजा नाही. मी उतारा काढून आणला आहे. आजोबांनी तो कसा राखला हे सांगून तुला बांधून ठेवणार नाही. जमीन शेवटी पोराबाळांसाठीच असते. तुला खरंच हवं असेल तर मी सही करीन आणि मनात काही ठेवणार नाही.

मात्र घर घेतलंस तर करार करण्याआधी त्या घराचा नोंदणी-उतारा स्वतः काढून बघ, बँकेचा बोजा किती आहे ते मोज. राहायला गेल्या दिवशीच पत्ता नोंदव आणि करारावर तारखेचा शिक्का मारून घे. जोन्सेचे पैसे बुडालेले लोक तिकडे अलीकडे हजारोंनी झाले आहेत. दलालाच्या शब्दावर जाऊ नकोस, तो कितीही गोड बोलला तरी.

आणि त्याही आधी एक कर. छकूला समोर बसवून विचार, सुवॉनच्या शाळेत तिची मैत्रीण कोण, आणि तिला सोडून जायचं का. तू उत्तर सुचवू नकोस. सूनबाईंनाही सांग, सुचवायचं नाही. ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत मला लिहून पाठव, मग ते कोरियनमध्ये असलं तरी चालेल, मी कुणाकडून तरी वाचून घेईन.

आईनं मेतकूट आणि कुळथाचं पीठ बांधून ठेवलंय, तुमच्या इकडचं कुणी येणार असेल तर कळव. थंडी सुरू झाली असेल. छकूचे गुडघे झाकलेले ठेवा.

तुझे,
आप्पा