माळ्यावरचं ऑक्सिजन मशीन खाली काढा : लातूरकरांना आवाहन

नमस्कार.

2021 च्या एप्रिल-मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, लातूर, उदगीर, अंबाजोगाई, नांदेड, सगळीकडं ज्याला जमलं त्यानं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, घरी आणून ठेवलं. काही मशीन मंडळांना, ग्रामपंचायतींना देणगीत मिळाली. त्यातली कितीतरी आज माळ्यावर जुन्या चादरीखाली नाहीतर कपाटात कुलूपबंद आहेत. आमच्या मंडळाला ती हवी आहेत. नवं कुणी दिलं तर घेऊच, पण आधी ही पडलेली.

मी रुग्णालयाच्या श्वसनोपचार विभागात काम करते आणि या मंडळाची चिटणीस आहे. वॉर्डात आम्हाला सगळे 'ऑक्सिजनवाले' म्हणतात. बायपॅपचा, म्हणजे दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा, मास्क नाकावर जखम न करता, हवा न गळता बसवणं, मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तपासणं, व्हेंटिलेटरवरच्या माणसाची नळी साफ ठेवणं, हे आमचं रोजचं काम. ते वॉर्डात नीट होतं. अडतं ते डिस्चार्जच्या दिवशी.

चुलीच्या धुरात तीस-चाळीस वर्षं भाकरी थापलेल्या आज्या, विडीवाले, क्षयरोग बरा झाला पण फुप्फुस खराब करून गेला असे, जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत आयुष्य काढलेले, अशी माणसं आमच्याकडं येतात. आठ-दहा दिवसांत सावरतात. मग कार्डावर लिहिलं जातं : घरी ऑक्सिजन, मिनिटाला 2 लिटर, दिवसाला किमान 15 तास. ज्यांच्या रक्तात ऑक्सिजन कायमच फार कमी असतो त्यांचं आयुष्य यानं वाढतं, हे 1980 च्या सुमाराला झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. पण ते कार्ड हातात घेऊन मुलगा विचारतो, "मॅडम, सिलिंडर आमच्या गावाकडं कुठं भेटंल?"

त्याला काय सांगायचं? लहान सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर वायू असतो. मिनिटाला 2 लिटरनं तो साडेबारा तास पुरतो, म्हणजे एका दिवसाचे 15 ताससुद्धा भरत नाहीत. जंबो म्हणजे मोठ्या सिलिंडरमध्ये 7000 लिटर, तो चार दिवस जेमतेम. मग तो टेम्पोत घालून भरायला तालुक्याला न्यायचा, परत आणायचा, आणि घर आखाड्यावर असेल तर शेवटचा रस्ता चिखलातून. हे किती दिवस चालेल? पेशंट पुन्हा आमच्याकडंच येतो, आधीपेक्षा वाईट अवस्थेत.

कॉन्सन्ट्रेटरला भरणं नाही. ते घरातलीच हवा ओढतं, आतले झिओलाइटचे बारीक खडे नायट्रोजन धरून ठेवतात, आणि 21 टक्के ऑक्सिजनच्या हवेतून 90 टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन नळीत येतो. म्हणून मंडळानं ही मशीन उसनी द्यायला सुरुवात केली. डॉक्टरांची चिठ्ठी आणायची, गरज असेतो ठेवायचं, भाडं नाही. आज चालू चार आहेत आणि चारही कुणाच्या ना कुणाच्या घरी आहेत. मागच्या थंडीत एक सूनबाई सासऱ्यांच्या तेराव्यानंतर मशीन परत घेऊन आली. स्वच्छ पुसलेलं, वायर गुंडाळून दोरीनं बांधलेली. "दुसऱ्याला लगेच द्या," एवढंच म्हणाली. ते त्याच संध्याकाळी औशाकडं गेलं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. बंद पडून राहिलेलं मशीन आतून खराब होतं. ओल धरून खडे निकामी होतात. बटण दाबलं की आवाज येतो, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे दिसतात, घरच्यांना वाटतं ऑक्सिजन चालू आहे, आणि नळीतून येत असते जवळजवळ साधी हवा. म्हणून तुमचं मशीन वर्षानुवर्षं बंद असेल तर थेट कुणाच्या नाकाला लावू नका, आमच्याकडं आणा. आम्ही ऑक्सिजन मोजून बघू, खडे आणि फिल्टर बदलू, मगच पुढं देऊ.

पैसे लागतात ते इथं. खडे, फिल्टर, नव्या नळ्या, शुद्धता मोजायचं यंत्र, आणि वीज गेल्यावर हाताशी असावा म्हणून प्रत्येक मशीनमागं एक जंबो सिलिंडर. शिवाय वीजबिल. 350 वॉटचं मशीन 15 तास चाललं की दिवसाला पाच युनिटांच्या वर जातात, महिन्याला दीडशेच्या पुढं. मजुरीवर चालणाऱ्या घराला ते झेपत नाही आणि मग मशीन रात्री गुपचूप बंद केलं जातं. एका घराचं थंडीतल्या तीन महिन्यांचं बिल उचलायला कुणी पुढं आलं तर त्याचं मोल मला रोज दिसेल.

तुमचा वेळही हवा आहे. मशीन पोचवताना घरी बसून समजावणारी माणसं कमी पडतात. दम लागला की घरचे प्रेमानं काटा 2 वरून 5 वर नेतात. जुन्या दमेकऱ्याच्या बाबतीत यातून अंगात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. आजोबांना गुंगी येते, घरच्यांना वाटतं शांत झोप लागली. अशा बऱ्याच पेशंटांसाठी रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या बोटावरच्या मशीनवर 88 ते 92 हाच आकडा बरा, तो डॉक्टर ठरवून देतात. बाटलीत बोअरचं पाणी भरलं तर क्षाराचा थर बसतो, म्हणून डिस्टिल्ड वॉटरच. चूल, समई, उदबत्ती, विडी यांपासून मशीन आणि नळी दहा फूट लांब. एवढं शिकवायला अर्धा तास पुरतो. गावोगाव फिरणाऱ्या आशाताई, निवृत्त शिक्षक, इलेक्ट्रिशियन, टेम्पोवाले, जमेल त्यांनी या. आम्ही तुम्हाला आधी शिकवू.

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की भुशाच्या धुळीनं दमेकऱ्यांची रांग लागते, आणि लगेच मागून थंडी येते. त्याआधी, दसऱ्याच्या आत, मशीन तयार व्हायला हवीत.

दर रविवारी सकाळी 9 ते 12 मंडळाच्या कार्यालयात या. रोख असो की चेक, पावती तिथंच मिळेल. वापरलेले मास्क, नळ्या, उघडलेले इनहेलर मात्र आणू नका, ते दुसऱ्याला देता येत नाहीत. मशीन आणताना पाण्याची बाटली रिकामी करून आणा, उभंच ठेवून आणा, आणि खरेदीची पावती सापडली तर तीही सोबत द्या.