इसार देण्याआधी बँकेत जा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्याच्या आधीपासूनच आमच्या भागात रस्त्याकडेच्या वावरांत चुन्याच्या रेघा मारून ‘लेआउट’ पाडले जात होते. कुणाकडे भूसंपादनाचा मोबदला आलेला असतो, तर कुणाच्या मुलाला नुकतीच नोकरी लागलेली असते. मी निवृत्त शिक्षक असल्याने अशी मंडळी माझ्याकडे येऊन विचारतात, “गुरुजी, प्लॉट घ्यावा का? आणि बँक कर्ज देईल का?” यातला दुसरा प्रश्न आधी विचारावा, तोही मला नव्हे, बँकेला, आणि इसार (सौदा पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी, असे मी कळकळीने सांगतो.

हे मी स्वतः केले नाही. २०१८ साली शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर इसारपत्र करून मी दोन लाख रुपये दिले. सातबाऱ्यावर विकणाऱ्याचे नाव दिसले, तेवढ्यावर माझे समाधान झाले. पुढे बँकेच्या वकिलांनी प्रकरण परत केले, कारण जमीन अकृषक (बिगरशेती) झालेली नव्हती, लेआउटला मंजुरी नव्हती आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात जुन्या कर्जाचा बोजा तसाच होता. तो रकाना मी वाचलाच नव्हता. तीन वर्षे खेटे घातल्यावर निम्मीच रक्कम परत मिळाली.

‘दहा जण मिळून एकत्र रजिस्ट्री करू, मग आपसांत वाटून घेऊ’ असेही सुचवले जाते. तसे केल्यास सगळ्यांची नावे एकाच सातबाऱ्यावर येतात, आपला प्लॉट नेमका कोणता हे कागदावर कुठेच ठरत नाही, आणि ज्याच्या हद्दी ठरलेल्या नाहीत ते बँक गहाण घेणार तरी कसे? जमीन भोगवटादार वर्ग २ ची (म्हणजे विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली) किंवा आदिवासी खातेदाराची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी पाहिल्याशिवाय बोलणीसुद्धा करू नयेत.

कर्ज मंजूर झाले तरी हिशेब संपत नाही. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम देते. बाकीची रक्कम स्वतःच उभी करावी लागते. दहा लाख रुपये ९ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,००० रुपये होतो आणि एकूण परतफेड २१ लाख ६० हजारांच्या आसपास जाते. आमच्याकडे सोयाबीन-कपाशीचा पैसा वर्षातून एकदाच येतो, हप्ता मात्र दरमहा असतो. अशा वेळी पीककर्जाची रक्कम प्लॉटमध्ये गुंतवणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांचे प्लॉटचेही भागले नाही आणि पेरणीसाठी सावकाराच्या दारात उभे राहावे लागले, हे पाहून जीव तुटतो.

२०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार नोंदणीकृत करार झाल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि नोंदणीस पात्र प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक दिलेला असावा लागतो. आपल्या दैनिकाच्या ग्रामीण पुरवणीत लेआउटच्या जाहिराती नियमित येतात. त्यांतल्या पात्र प्रकल्पांचा क्रमांक तपासल्याखेरीज त्या स्वीकारू नयेत, ही नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. कारंजा (लाड), जि. वाशीम