कोळीण अशी दिसते?

महोदय,

नारळी पौर्णिमेला आपल्या पुरवणीच्या पहिल्या पानावर छापलेलं कोळणीचं चित्र पाहिलं. ते एआयने काढलंय हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. दुधाळ रंग, घारे डोळे, कोरलेलं नाक. अंगावर घ्यायची फडकी गायब, आणि लुगड्याचा काष्टा मागे न जाता कमरेपाशीच कुठेतरी विरून गेलेला. पाटीत नारिंगी मासे. आमच्या खाडीत जिताडा, बोईट, निवटी मिळतात. हे नारिंगी काय प्रकरण, देव जाणे. बेलापूरच्या बाजारात मासळी विकणाऱ्या माझ्या आईने पान निरखून एवढंच विचारलं, "कोन गो ही? लुगरं नेसलीय का गुंडाललंय?"

मी दिवाळे गावात बॅनरचं डिझाइन करते. हळदी, वाढदिवस, जत्रा, पालखी. हल्ली गिऱ्हाईकच म्हणतं, एआयवर एक चांगली कोळीण काढून दे, त्यामुळे ही सॉफ्टवेअरं रोजच्या हाताखालची. नुसतं 'कोळीण' लिहिलं की असली गोरी मॉडेल येते. 'सावळी' लिहिलं की बाई सावळी होते खरी, पण अंगावरचं सोनं जातं, लुगडं फाटतं आणि मागे पत्र्याची झोपडी उभी राहते. सावळी, सोन्याने मढलेली, खळखळून हसणारी बाई काही केल्या निघत नाही. हळदीला आमच्या गल्लीत या, हव्या तेवढ्या भेटतील! ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये स्टेबल डिफ्यूजन या चित्रं काढणाऱ्या एआय सॉफ्टवेअरची पाच हजारांवर चित्रं तपासली, तेव्हाही हेच दिसलं: बड्या पगाराच्या कामांना उजळ चेहरे, कमी पगाराच्या कामांना काळेसावळे.

स्टेबल डिफ्यूजन शिकलं ते लायन-५बी नावाच्या साठ्यातून. इंटरनेटवरून उचललेली ५८५ कोटी चित्रं आणि प्रत्येकासोबतचा मजकूर. त्यातला २३२ कोटींचा मजकूर इंग्रजी, आणि पहिल्या आवृत्त्या त्या इंग्रजी भागावरच पोसल्या. वर त्यातून 'देखणी' चित्रं निवडायला आणखी एक सॉफ्टवेअर. देखणं कशाला म्हणायचं, हे विचारायला दिवाळ्यात कोण आलं होतं?

प्रकार जुनाच आहे. विल्यम जॉन्सन या ब्रिटिश फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. माणसं वेगळी टिपायची, मुंबईचा देखावा वेगळा, मग दोन्ही जोडायचे. खाली नाव जमातीचं. साहेब गेला, वर्गवारी राहिली, आणि आता आपण महिन्याचे पैसे भरून ती विकत घेतोय. मला जास्त राग याचा येतो.

वरून रंग फासून हे सुटत नाही. गूगलच्या जेमिनी या एआयने तसं करून पाहिलं. दुसऱ्या महायुद्धातले जर्मन सैनिकही कृष्णवर्णीय निघू लागले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये माणसांची चित्रं काढणं थांबवावं लागलं.

आपल्याकडे मागणं साधं आहे. असं चित्र छापलंत तर खाली 'एआयनिर्मित' असं ठळक लिहा. सणाचं चित्र हवं असेल तर दिवाळ्यात, सारसोळ्यात, ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात माणूस पाठवा. इथलीच पोरं कॅमेरे घेऊन हिंडतात, त्यांना पैसे देऊन काम द्या. आणि फोटोखाली 'पारंपरिक वेशातील कोळी महिला' एवढं लिहून मोकळे होऊ नका. तिला विचारून तिचं नाव छापा.

– एक बॅनर डिझायनर, दिवाळे गाव, सीबीडी बेलापूर